एक निन्जा आणि नववीचे गणित

प्राचार्यांच्या या पानावर शिस्त, स्वच्छता, वाचन, मराठीचा तास असे विषय वाचण्याची आपल्या सर्वांना सवय आहे. या अंकात आम्ही एका व्हिडिओ गेमविषयी लिहिणार आहोत. काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडतील, आणि काही विद्यार्थी हे पान पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचतील. दोन्ही गोष्टींना आमची हरकत नाही. मात्र निमित्त गेमचे असले तरी खरा प्रश्न नववीच्या गणिताचा आहे आणि तो कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत येणार आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

गेमचे नाव 'द मेसेंजर'. कॅनडातील क्वेबेक शहरातल्या 'सॅबोटाज स्टुडिओ' या लहानशा मंडळीने तो तयार केला. ३० ऑगस्ट २०१८ रोजी तो संगणकावर आणि निन्टेन्डोच्या 'स्विच' यंत्रावर आला, आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभात नवोदितांच्या पहिल्या गेमसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. कथा अगदी साधी आहे. राक्षसांची फौज एका गावावर चालून येते. ऐनवेळी पश्चिमेकडून एक वीर येतो, एका तरुण निन्जाच्या हाती गुंडाळलेला खलिता देतो आणि सांगतो, हा डोंगराच्या माथ्यावर पोचता कर. झाले, इथून खेळ सुरू. पुढे धावायचे, उड्या मारायच्या, तलवार चालवायची, दरीत पडायचे आणि पुन्हा निघायचे.

जपानमध्ये इगा आणि कोगा या भागांतले निन्जा मूळचे हेर. मारामारीपेक्षा बातमी काढणे, ती पोचवणे हे त्यांचे मुख्य काम. आपल्याकडे मराठेशाहीत जासूद असत, त्यांच्याशी जवळचे नाते सांगणारा हा धंदा. तेव्हा निन्जाच्या हाती तलवारीबरोबर खलिता देणाऱ्याने इतिहास अगदीच सोडलेला नाही.

आता खेळ दिसतो कसा, ते सांगू. आजच्या मुलांच्या मोबाइलवर जे चकचकीत गेम असतात, त्यांच्या शेजारी हा ठेवला तर जुनापुराणा वाटेल. चौकोनी ठिपक्यांची माणसे, चौकोनी झाडे, मोजके रंग, टुणटुण वाजणारे संगीत. पण ज्या पालकांचे बालपण १९९०च्या दशकात गेले, त्यांना हे चित्र पाहताच ओळख पटेल. टीव्हीला जोडायचे ते यंत्र, त्यात खालून फुंकर मारून घालायची ती कॅसेट, आणि कॅसेटवर छापलेले '९९९९९९ इन वन'. प्रत्यक्षात त्यात चार-सहा खेळ असत आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या आकड्याखाली येत. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र आणले होते, त्याच्या नकला त्या काळात आपल्या बाजारात मिळत. त्या यंत्राचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. एका आडव्या रेघेवर हलणाऱ्या चित्रांचे आठच तुकडे एका वेळी दाखवता येत, नववा आला की चित्र लुकलुकू लागे. आवाजासाठी एकंदर पाच वाटा. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत त्या काळच्या लोकांनी मारिओ आणि कॉन्ट्रा उभे केले.

'द मेसेंजर' करणाऱ्यांवर असले कसलेही बंधन नव्हते. त्यांनी ते आपणहून घेतले. वृत्तात लिहिण्याची सक्ती नसताना कोणी वृत्तात लिहावे, तसे हे आहे. आणि बंधन घेऊन त्यांनी एक गंमत केली आहे. निन्जा अर्धा खेळ संपवून माथ्यावर पोचतो, तेव्हा तो ५०० वर्षे पुढच्या काळात जातो, आणि त्याच क्षणी ८ बिटची चित्रे १६ बिटची होतात. रंग वाढतात, डोंगरांना खोली येते, तीच धून भरदार वाजू लागते. तिथून पुढे भूतकाळ आणि भविष्यकाळ यांत ये-जा सुरू होते, आणि भूतकाळात बंद असलेला रस्ता भविष्यात मोकळा सापडतो. मुलांना यंत्रांचा इतिहास धड्यातून जितका कळत नाही, तितका या एका क्षणात कळतो, असे आमचे मत आहे. (यानंतरचा खेळ मात्र आम्हाला लांबलेला वाटला. सहा संगीतस्वर गोळा करण्यासाठी त्याच त्या रस्त्यांवरून पुन्हा हिंडवले आहे. सातवा स्वर मागितला नाही, हे उपकारच.)

पण या सगळ्यासाठी आम्ही हे पान खर्ची घातले नसते. या खेळात अपयशाची जी व्यवस्था लावली आहे, ती पाहून आम्ही थबकलो.

ती समजण्यासाठी आधी त्याच्या पूर्वजाकडे पाहावे लागेल. डिसेंबर १९८८ मध्ये टेक्मो या जपानी कंपनीने फॅमिकॉमवर एक निन्जाचा खेळ आणला. दिग्दर्शक हिदेओ योशिझावा. १९८९ मध्ये तो अमेरिकेत 'निन्जा गायडेन' या नावाने गेला आणि अवघडपणासाठी जगभर प्रसिद्ध झाला. 'द मेसेंजर'मध्ये याच खेळाची छाया पदोपदी दिसते. त्यात र्‍यू हायाबुसा नावाचा नायक. तो उडी मारतो, आणि नेमका त्याच वेळी समोरून एक पक्षी येऊन त्याला धडकतो. धडक बसली की नायक मागे फेकला जातो, आणि मागे बहुधा दरी असते. शत्रूला मारून पुढे गेलात आणि चुकून एक पाऊल मागे टाकलेत, की तोच शत्रू पुन्हा तिथेच हजर. हेही एक वेळ चालले असते. पण शेवटच्या, सहाव्या अंकाच्या अखेरीला तीन बलाढ्य शत्रू एकामागून एक येतात. तिथे हरलात, तर त्या लढाईच्या दाराशी नव्हे, पार सहाव्या अंकाच्या आरंभी नेऊन सोडतात. म्हणजे जे सगळे टप्पे आपण व्यवस्थित पार केले, ते पुन्हा पार करायचे, तेही प्रत्येक वेळी. पुन्हा खेळण्याची मुभा कितीही वेळा आहे, ते नाकारलेले नाही. फक्त चुकलेल्या जागेपर्यंत परत पोचता पोचता माणसाचा जीव मेटाकुटीला येतो.

पालकांपैकी ज्यांनी एकेकाळी एका विषयात गचके खाल्ले आणि त्या एका विषयासाठी सबंध वर्ष, सगळ्या विषयांसकट, नव्याने काढले, त्यांना हा सहावा अंक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

'द मेसेंजर' या पूर्वजापेक्षा सोपा आहे असे कोणी समजू नये. उडी मारून हवेत असताना कंदिलावर किंवा शत्रूवर तलवारीचा वार केला, तरच आणखी एक उडी मिळते, असा त्याचा मूळ नियम. पुढे पुढे दरीवर पाय ठेवायला जागाच नसते. कंदील, वार, उडी, कंदील, वार, उडी, असे हवेतल्या हवेत जायचे. त्यात भिंतीवर चढायची नखे, हवेत तरंगायचा पंखांचा पोशाख आणि दोरीचा बाण यांचाही मेळ घालावा लागतो. पहिल्या झटक्यात हे कोणालाही जमत नाही.

पण इथे पडल्यावर काय होते पाहा. क्वार्बल नावाचा एक छोटा लाल राक्षस येतो. तो निन्जाला मरता मरता उचलतो, मागच्या नजीकच्या थांब्यावर आणून सोडतो, आणि वर एखादा टोमणाही मारतो. या सेवेची फी असते. पुढे थोडा वेळ हा क्वार्बल डोक्यावर घिरट्या घालत राहतो आणि निन्जाने गोळा केलेले 'काळाचे तुकडे', म्हणजे त्या खेळातले नाणे, स्वतः गट्ट करतो. कर्ज फिटले की निघून जातो. एवढेच. मिळवलेली विद्या हिरावून घेत नाही, मागचे डोंगर पुन्हा चढायला लावत नाही. चूक झाली, तिची थोडी किंमत मोजली, आणि काही क्षणांत आपण त्याच दरीच्या काठावर, त्याच कंदिलासमोर उभे. मघाशी उडी लवकर मारली होती हे अजून बोटांना आठवत असते.

आम्हाला वाटते, कठीण आणि निर्दय या दोन शब्दांतला फरक या दोन खेळांत स्वच्छ दिसतो. दोन्हीतली दरी सारखीच रुंद. एकात पडलेल्या माणसाला गावाबाहेर नेऊन सोडतात, दुसऱ्यात काठावर आणतात.

आपल्या भागाला हे तत्त्व नवे नाही. मल्लखांब हा २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे, आणि इंदूर-उज्जैन-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत तो त्याच्या किती तरी आधीपासून आहे. एरंडेल लावलेल्या खांबावरून पोर घसरणार हे वस्तादाला ठाऊक असते. म्हणून तो खांब बुटका करीत नाही, आणि पडलेल्या पोराला 'आता पुढच्या वर्षी ये' असेही सांगत नाही. खाली माती भुसभुशीत करतो किंवा गादी घालतो, आणि पोर उठले की पुन्हा चढवतो. त्याच संध्याकाळी, त्याच उडीसाठी.

आता नववीकडे वळू.

गेल्या महिन्यात गणिताच्या बाई एका विद्यार्थ्याची कॉपी घेऊन आमच्याकडे आल्या. (मुंबई-पुण्याकडे हा अंक जातो, तिथल्या वाचकांनी दचकू नये. इंदुरात वहीला कॉपी म्हणतात.) तक्रार अशी की कॉपीच्या मागच्या पानांवर याने भलतेच काही लिहिले आहे. आम्ही पाहिले. 'द मेसेंजर'मधल्या जागांची नावे एकाखाली एक लिहिलेली, प्रत्येकीपुढे चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा जुड्या. किती वेळा पडलो याचा तो हिशेब होता. एका जागेपुढे अशा अकरा जुड्या होत्या. आणि जुड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात कारणे: 'उडी लवकर', 'कंदील चुकला', 'खाली पाहिलेच नाही', 'घाई', 'घाई', 'पुन्हा घाई'. शेवटी एक बरोबरची खूण.

मग आम्ही कॉपी उलटी करून पुढून उघडली. तिथे बहुपदींची गणिते होती. चुकलेल्या गणितावर बाईंची लाल फुली, आणि त्याखाली लगेच पुढचे गणित. एकाही फुलीखाली कारण लिहिलेले नव्हते. एकही गणित दुसऱ्यांदा सोडवलेले नव्हते.

मुलगा तोच, पेनसुद्धा तेच. जो मुलगा एका दरीपाशी पंचावन्न वेळा पडून प्रत्येक वेळी आपली चूक शोधतो, त्याला आळशी म्हणायला आमची जीभ धजावत नाही. तोच मुलगा गणितात एकदा चुकल्यावर मान फिरवतो, त्या अर्थी त्या फुलीत असे काहीतरी आहे की जे दरीत नाही. आम्ही त्याला समोर बसवून विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, गणित चुकलं ते कळतं तेव्हा आपण पुढच्या धड्यावर असतो. परत जाऊन काय करणार? मार्क तर लागून गेले."

मार्क लागून गेले. या तीन शब्दांवर पालकांनी आणि विश्वस्तांनी थोडा विचार करावा, म्हणून हे सगळे लिहिण्याचा खटाटोप.

शाळांमधली सर्वसाधारण रीत अशी आहे. मासिक चाचणी होते. कागद तपासून यायला दोन आठवडे, सण आणि निवडणुकीची कामे मध्ये आली तर तीन. कागद हाती येतो तेव्हा मुलाला आपण तिथे काय विचार केला होता हे आठवतही नसते. गुण नोंदवहीत गेलेले असतात. पुन्हा तोच धडा भेटतो तो अर्धवार्षिक परीक्षेत, आणि तिथे चुकला तर वार्षिक परीक्षेत. चूक आणि दुसरा प्रयत्न यांच्यात असे महिने जातात. आणि नववीत वार्षिक परीक्षेला गणितात अडकलेल्या मुलाचे काय होते हे आपण पाहत आलो आहोत. काही जण तेच वर्ष पुन्हा काढतात. काहींचे वडील येऊन टी.सी. घेऊन जातात आणि मुलगा दुकानावर बसतो. त्यात वाईट काही नाही, दुकान हे प्रतिष्ठेचे काम आहे. पण बहुपदींमुळे बसावे लागणे हे काही बरे नाही.

दुसऱ्या संधीविषयी सरकारांनीही अलीकडे बराच विचार केला आहे. मध्य प्रदेशात २०१६ साली 'रुक जाना नहीं' ही योजना आली आणि बोर्डात अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना राज्य मुक्त शाळेमार्फत पुन्हा परीक्षा देता येऊ लागली. शिक्षणहक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. पाचवी-आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण त्याआधी निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा देण्याची संधी बंधनकारक केली. सी.बी.एस.ई.ने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे ठरवले. या सगळ्याचे स्वागत आहे. तरी ही सारी दारे वर्ष संपल्यावर उघडतात. सहाव्या अंकाच्या शेवटी पडलेल्याला सहाव्या अंकाच्या आरंभी आणून सोडणे, हे पहिल्या अंकाच्या आरंभी सोडण्यापेक्षा बरे, इतकेच. पहिली चूक होते ती जुलैत, अपूर्णांकाच्या चिन्हात. तिच्यासाठी दार जुलैतच हवे.

म्हणून आमचा प्रस्ताव असा. नववीच्या गणितात मासिक चाचणी सोमवारी झाली तर कागद गुरुवारी मुलांच्या हाती पडावा. ज्या गणितात चूक झाली त्याच्याखाली मुलाने स्वतःच्या शब्दांत कारण लिहावे, एका ओळीत: 'चिन्ह विसरलो', 'सूत्र उलटे घातले', 'प्रश्नच नीट वाचला नाही'. आणि शनिवारी, ज्याला हवे त्याने, त्याच धड्यावरची पण वेगळ्या आकड्यांची चाचणी पुन्हा द्यावी. दुसऱ्या वेळचे गुण जास्त असतील तर तेच धरावेत, मात्र पूर्णपैकी एक गुण वजा करून. तो एक गुण म्हणजे क्वार्बलची फी. फी अगदीच नसावी हे आम्हाला पटत नाही. फुकटच्या दुसऱ्या संधीमुळे पहिल्या वेळी कोणी मनापासून बसणार नाही, ही भीती खरी आहे. पण फी इतकी जबरही नसावी की मूल दारापर्यंतच येणार नाही.

या प्रस्तावाविरुद्ध तीन गोष्टी आमच्या कानावर आल्या आहेत.

पहिली शिक्षकांची, आणि ती सर्वांत वजनदार. तपासणीचे काम दुप्पट होईल, तीन दिवसांत कागद कसे देणार? हे खरे आहे, आणि याला गोड बोलून उत्तर देता येणार नाही. म्हणूनच आम्ही सर्व विषय आणि सर्व वर्ग मागितले नाहीत. एक वर्ग, एक विषय. चाचणी वीस गुणांऐवजी दहाची, आणि चाचणीच्या आठवड्यात गणिताच्या बाईंना बदलीचा तास आणि मैदानाची पाळी नाही. त्या पाळ्या इतरांनी वाटून घ्याव्या लागतील, त्यात आम्हीही आहोत.

दुसरी काही पालकांची. "पुन्हा दिलेल्या चाचणीचे गुण हे खरे गुण नव्हेत. माझ्या मुलीने पहिल्याच वेळी नऊ मिळवले, तिच्या नवाची किंमत काय राहिली?" या माउलीचा राग आम्हाला समजतो. पण चाचणी ही शर्यत आहे की तपासणी, हे एकदा ठरवावे लागेल. ताप मोजताना शेजारच्या मुलाचा उतरला म्हणून आपल्या मुलीचा चढत नाही. तिचे नऊ ते नऊच आहेत, आणि फी द्यावी न लागता मिळाले आहेत.

तिसरी गोष्ट विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांनी बोलून दाखवली, आणि ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत: आयुष्य कोणाला दुसरी संधी देत नाही, मग शाळेने खोटी सवय का लावावी? त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो की हे वाक्य जितके कडक आहे तितके खरे नाही. दुकानदाराचा एक सौदा फसतो, तो दुसरा करतो. डॉक्टर टाके घालायला शिकतो तो पहिल्या टाक्यात शिकत नाही. ज्या थोड्या जागी खरोखर दुसरी संधी नसते, तिथे माणूस उभा राहतो तो इतरत्र शंभरदा चुकून आलेला असतो म्हणूनच. शाळा ही चुकण्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे. इथेही चुकू द्यायचे नसेल तर कुठे?

विद्यार्थी मित्रांनो, आता जरा तुमच्याकडे. 'प्राचार्यांनीच गेम खेळायला सांगितले' असे घरी जाऊन सांगणार असाल तर थांबा. दरीत पंचावन्न वेळा पडल्याने गणित येत नाही. निन्जाला उडी येते, तेवढेच. गेमला तुम्ही का पडलात हे कळत नाही. तो तुम्हाला उचलून ठेवतो आणि पुन्हा पडू देतो. 'तुझे चिन्ह दर वेळी कंस सोडवताना बदलायचे राहते' हे सांगायला समोर बाईच लागतात. शिवाय त्या खेळात पडताना कोणी पाहत नसते. वर्गात चाळीस जण पाहत असतात, त्यामुळे चुकलेले गणित फळ्यावर पुन्हा सोडवायला जास्त धैर्य लागते, हे आम्ही जाणून आहोत. त्याचसाठी फेरचाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवले जाणार नाहीत.

आणि पालकांसाठी एक खुलासा, कारण सभेत 'गेम' या एका शब्दाखाली सगळे काही एकत्र बांधले गेले. 'द मेसेंजर'सारखा खेळ एकदा विकत घेतला की पुढे पैसे मागत नाही. २०१९ मध्ये त्याला नवा भाग जोडला गेला, तोही विनामूल्य. आणि मुख्य म्हणजे तो संपतो. याच्या उलट मोबाइलवरचे बरेचसे 'फुकट' खेळ असे रचलेले असतात की ते संपूच नयेत, आणि अडल्यावर पुढे जाण्याचा सोपा रस्ता म्हणजे पैसे टाकणे. तिथे सराव करून पुढे जाणे हा आडरस्ता ठरतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही तर तिसरीच जात. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. आपले मूल यांपैकी काय खेळते हे पाहायचे असेल तर पाठीमागून डोकावू नका, शेजारी बसा. दहा मिनिटे. एकदा यंत्र स्वतः हातात घ्या आणि पडा. मूल तुम्हाला शिकवू लागेल, आणि बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त धीराने शिकवेल. वेळेची मर्यादा मात्र घालाच, आणि ती परीक्षेच्या आठवड्यात आणखी आवळा. याबाबतीत आमचे मत जुन्या वळणाचे आहे आणि तसेच राहील.

त्या कॉपीचे पुढे काय झाले, असे गणिताच्या बाईंना काही जणांनी विचारल्याचे कळते. आम्ही ती मुलाला परत दिली. मागची पाने फाडायला सांगितले नाही. फक्त तसाच हिशेब पुढच्या पानांवरही ठेव, असे सांगितले आहे. पहिल्या आठवड्यात त्याने चार कारणे लिहिली, त्यातली तीन 'घाई'. चौथे वाचून बाई स्वतः हसल्या: 'प्रश्न सोपा वाटला.'

प्रस्ताव कार्यकारिणीने मान्य केल्यास पुढील सत्राच्या पहिल्या मासिक चाचणीपासून तो नववीच्या दोन्ही तुकड्यांना लागू होईल, आणि वार्षिक परीक्षेनंतर त्याचा हिशेब याच पानावर देऊ, मग तो अनुकूल असो वा नसो. पालकांनी आपले मत, बाजूने किंवा विरोधात, लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावे. मराठी, हिंदी कोणत्याही भाषेत चालेल. पाल्याच्या नावाचा उल्लेख करण्याची गरज नाही.

संगणक कक्षात हा गेम घालणार का, अशीही विचारणा नववी 'ब'मधून आली आहे. नाही. कक्षात चौदा संगणक असून त्यांतले नऊ चालतात, आणि त्या नऊंवर सध्या आठवीची मुले मराठी टंकलेखन शिकत आहेत.